ॲल्युमिनियमला लेसर लावण्याआधी

कार्बन डायऑक्साइड लेसर शोधणारे चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामतीत झाला. पुण्याच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयातून, म्हणजे आजच्या सीओईपीतून पदवी घेऊन ते स्टॅनफर्डला गेले आणि १९६४ मध्ये बेल लॅबोरेटरीजमध्ये त्यांनी हा लेसर सिद्ध केला. पुढची कित्येक वर्षे जगभरच्या कारखान्यांत पत्रा कापणे, जोडणे, पोलादाचा पृष्ठभाग कठीण करणे ही जड कामे प्रामुख्याने त्याच लेसरने केली. ज्या थोड्या धातूंनी त्याला दाद दिली नाही, त्यांत ॲल्युमिनियम पहिल्या रांगेत होते. या लेसरच्या १०.६ मायक्रॉन तरंगलांबीचा प्रकाश लख्ख ॲल्युमिनियमवर पडला की शंभरातले पंचाण्णवहून जास्त भाग जसेच्या तसे परत फिरतात. धातू तापायला हाती उरते ते अगदीच थोडे.

आज परिस्थिती बदलली आहे. फायबर लेसरची तरंगलांबी साधारण १.०७ मायक्रॉन असते, आणि ती ॲल्युमिनियमला थोडी अधिक मानवते. किलोवॅट-दोन किलोवॅटची यंत्रे आता फॅब्रिकेशनच्या शॉपमध्येही दिसू लागली आहेत. बारामती एमआयडीसीत, इंदापूर तालुक्यात लोणी देवकर आणि वालचंदनगरच्या परिसरात मशिनिंग करणाऱ्या उद्योजकांना आणि शेवटच्या वर्षाचा प्रकल्प शोधणाऱ्या मुलामुलींना त्यामुळे एक प्रश्न पडतो: ॲल्युमिनियमचा पार्ट झिजतो आहे, त्यावर लेसर मारला तर टिकेल का? टिकू शकतो. मात्र लेसरवर पैसे घालण्याआधी काही गोष्टी तपासाव्या लागतात आणि बहुतेक फसलेली कामे तिथेच फसलेली असतात. हा लेख त्या तपासणीसाठी आहे.

पार्टचे अंग एका धातूचे ठेवायचे आणि झिजणारा पृष्ठभाग वेगळ्या गुणाचा करायचा, ही कल्पना या भागाला नवी नाही. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती असा साखर कारखान्यांचा हा पट्टा आहे, आणि साखरेची यंत्रसामग्री बनवणारे वालचंदनगर इंदापूर तालुक्यातलेच. गळीत हंगामात मिलच्या रोलरच्या दातांवर आर्सिंग करणारा वेल्डर किंवा श्रेडरच्या हॅमरवर हार्डफेसिंगचा थर चढवणारा फिटर हेच तत्त्व वापरत असतो. ही मंडळी लेसरची गोष्ट लवकर समजून घेतात. फरक एवढाच की त्यांचा अनुभव लोखंड-पोलादाचा असतो आणि ॲल्युमिनियमचा स्वभाव मुळातून वेगळा आहे.

तो फरक आधी नीट समजून घ्या. लोहार विळा लाल करून त्याला पाणी देतो तेव्हा पोलादाच्या आतली स्फटिकरचना बदलते आणि पाते कठीण होते. लेसरने पोलाद कठीण करतानाही तेच घडते: कडेचा पातळ थर वितळू न देता तापवायचा, बाकीचे थंड अंग ती उष्णता ओढून घेते आणि थर आपोआप विझतो. ॲल्युमिनियममध्ये अशी रचना बदलण्याची सोयच नाही. वितळेपर्यंत त्याची स्फटिकरचना एकच राहते. म्हणून ॲल्युमिनियमला नुसता लेसरचा ताव दिला तर ते कठीण होत नाही. टी-६ उपचार केलेले ६०६१ किंवा ७०७५ असेल तर ते उलट मऊ पडते, कारण त्यांची ताकद कमी तापमानाच्या एजिंगमधून आलेली असते आणि २०० अंशांच्या वर रेंगाळल्यास ती ओसरायला लागते. ‘आम्ही लेसर हार्डनिंग करून देतो’ असे कोणी ॲल्युमिनियमच्या बाबतीत म्हणाले, तर ‘म्हणजे नेमके काय करणार?’ एवढे जरूर विचारा.

उत्तर तीनपैकी एक असायला हवे. पहिली रीत म्हणजे पृष्ठभाग वितळवून वेगाने गोठू देणे. कास्टिंगमध्ये सिलिकॉनच्या जाड, टोकदार पट्ट्या असतात. झटक्यात गोठताना त्या अतिशय बारीक होतात आणि थर एकसारखा बनतो. यात वरून काहीच घालत नाहीत. दुसऱ्या रीतीत वितळलेल्या डबक्यात निकेल, लोखंड, टायटॅनियम किंवा सिलिकॉनची पावडर मिसळून वेगळाच मिश्रधातू तयार करतात. तिसऱ्या रीतीत सिलिकॉन कार्बाइड, टायटॅनियम कार्बाइड, टायटॅनियम डायबोराइड यांसारखे कठीण कण डबक्यात रोवतात, किंवा वेगळ्या धातूचा अख्खा थर चढवतात, ज्याला क्लॅडिंग म्हणतात. याखेरीज एक हलका उपाय आहे, टेक्स्चरिंगचा. पृष्ठभागावर काही दहा मायक्रॉन रुंदीचे खळगे पाडले की त्यांत तेल साठते. बारीक कचराही त्यांतच अडकतो. हे काम २० ते ५० वॅटच्या मार्किंग मशीनवरही होते, आणि असे मशीन आज नाव-नंबर कोरणाऱ्या जवळपास प्रत्येक जॉबवर्कवाल्याकडे असते. तेलात चालणाऱ्या पार्टसाठी मी प्रयोगाची सुरुवात इथूनच करायला सांगेन. खर्च कमी, आणि फसले तर पृष्ठभाग थोडा घासून पुन्हा सुरू करता येते.

आता मुख्य तपासणी: पार्ट झिजतो आहे तो कशाने? भिंग घेऊन झिजलेला भाग उजेडात तिरपा धरून पाहा. चालण्याच्या दिशेने सरळ, समांतर ओरखडे असतील तर मध्ये कठीण कण शिरले आहेत. धातू उपटून दुसऱ्या भागावर फासल्यासारखा दिसत असेल तर तेल तुटून दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटले आहेत. घट्ट बसवलेल्या जोडावर काळसर पूड साचली असेल तर बारीक कंपनांची झीज आहे. पंपाच्या इम्पेलरच्या कडा खाल्ल्यासारख्या झाल्या असतील तर पाण्यातल्या गाळाचे काम समजा, आणि खड्डे स्पंजासारखे असतील तर बुडबुडे फुटून होणारी झीज.

या पाहण्याला एवढे महत्त्व का, ते एका आकड्यावरून कळेल. नदीच्या वाळूतल्या क्वार्ट्झ कणाची कठीणता हजार व्हिकर्सच्या आसपास किंवा त्याहून जास्त असते. साधे ॲल्युमिनियम कास्टिंग ६० ते १०० व्हिकर्सचे असते आणि नुसते वितळवून गोठवलेला थर फार तर १२०-१५० पर्यंत जातो. मोरगाव-सुप्याकडच्या जिरायत पट्ट्यात धुळीच्या रस्त्यावर चालणाऱ्या इंजिनात वाळूचे कण शिरत असतील, तर त्या कणांना १०० काय आणि १५० काय, दोन्ही सारखेच मऊ. अशा ठिकाणी आधी एअर फिल्टर, सील आणि तेल बदलण्याची शिस्त सुधारा. ते करूनही झीज उरली तर मात्र कठीण कण रोवण्याची किंवा क्लॅडिंगची रीत धरा. उलट, धातू चिकटून उपटला जात असेल तर बारीक सिलिकॉनचा १३० व्हिकर्सचा थरही मोठा फरक पाडतो. एकच लेसर, एकच धातू, आणि झिजण्याच्या तऱ्हेवरून एका ठिकाणी पैसे वाया, दुसऱ्या ठिकाणी वसूल.

लेसरखेरीज जे पर्याय आहेत तेही प्रामाणिकपणे समोर मांडा. हार्ड ॲनोडायझिंगने २५ ते ५० मायक्रॉनचा ऑक्साइडचा कठीण थर मिळतो, तो सगळ्या पार्टवर एकदम चढतो आणि स्वस्त पडतो. ६०६१ सारख्या धातूवर हलका भार असेल तर ॲनोडायझिंगच करा. इंजिनच्या बोअरसाठी बिडाचा लाइनर किंवा निकेल-सिलिकॉन कार्बाइडचे प्लेटिंग हे रुळलेले मार्ग आहेत. लेसरची खरी जागा तीन ठिकाणी आहे. पार्टचा एक छोटा पट्टाच झिजत असेल आणि बाकीच्याला हात लावायचा नसेल तेव्हा. भार एवढा मोठा असेल की ५० मायक्रॉनचा थर दबून फुटेल, म्हणजे अर्धा ते एक मिलिमीटर जाडी हवी असेल तेव्हा. आणि सिलिकॉन-तांबे जास्त असलेले कास्टिंग असेल तेव्हा, कारण त्यावर ॲनोडायझिंग नीट बसत नाही. टोयोटाने कॅम्रीच्या २.५ लिटर इंजिनात याचे उत्तम उदाहरण घालून दिले. ॲल्युमिनियमच्या सिलिंडर हेडमध्ये पोलादी व्हॉल्व्ह सीट दाबून बसवण्याऐवजी तांब्याच्या मिश्रधातूचा थर लेसरने थेट हेडवर चढवला. सीटची रिंग गेली, त्यामुळे हवा आत येण्याच्या वाटेला हवा तो आकार देता आला आणि व्हॉल्व्हची उष्णताही हेडमध्ये लवकर उतरू लागली. झीज रोखण्यासाठी घेतलेला उपाय इंजिनच्या रचनेलाही उपयोगी पडला, म्हणून तो खर्च परवडला.

बारामतीत पियाजिओच्या कारखान्यातून आपे तीनचाकी आणि २०१२ पासून वेस्पा बाहेर पडतात. दुचाकी-तीनचाकीच्या कामात ॲल्युमिनियम कास्टिंग सतत हातात येते. म्हणून कास्टिंगबद्दल थोडे सविस्तर. प्रेशर डायकास्टिंगचा एडीसी-१२ हा सर्वांत जास्त दिसणारा धातू आणि लेसरसाठी सर्वांत फसवा. साच्यात धातू जोराने घुसताना हवा आणि साच्याला लावलेल्या वंगणाचा वायू आत दाबून बसतो. मशिनिंगनंतर पार्ट छान गुळगुळीत दिसतो. लेसरने तो थर वितळवला की अडकलेला वायू फुगून बाहेर येतो आणि पृष्ठभागावर पिनहोलांची चाळण होते. लेसरची सेटिंग बदलून हा दोष जात नाही, तो कास्टिंगमध्येच आहे. व्हॅक्यूम डायकास्टिंग नसेल तर एडीसी-१२ वितळवण्याच्या फंदात पडू नका. त्यावर टेक्स्चरिंग करा.

वाळूच्या किंवा ग्रॅव्हिटी डायच्या साच्यातले एलएम-६, एलएम-२५ आणि पिस्टनचे एलएम-१३ हे धातू लेसरला चांगले. सिलिकॉन १२-१३ टक्क्यांच्या जवळ असले की धातू ५७७ अंशांच्या आसपास एकदम गोठतो आणि तडे जाण्याची भीती कमी राहते. तरी हायड्रोजनचा त्रास आहेच. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये जेवढा हायड्रोजन विरघळतो त्याच्या सुमारे विसावा भागच घट्ट धातूत मावतो. उरलेला बुडबुडे होऊन अडकतो. हा हायड्रोजन येतो ओलाव्यातून. उजनीच्या पाणलोटाजवळ पावसाळ्यात उघड्या ठेवलेल्या पावडरीत आणि पार्टवर तो भरपूर असतो. फाउंड्रीवाल्याला डीगॅसिंग केले का ते विचारा, पावडर वापरण्याआधी ओव्हनमध्ये १०० ते १२० अंशांवर तास-दोन तास वाळवा. ६०६१ आणि ७०७५ हे पट्टी-सळईचे धातू वितळवल्यावर गोठताना चिरतात. त्यांच्यावर काम करायचेच असेल तर सिलिकॉन जास्त असलेली पावडर मिसळा. ७०७५ मधले जस्त ९०७ अंशांवरच उकळते, त्यामुळे लेसरखाली धूर आणि शिंतोडे जास्त येतात. नवख्याने प्रयोगाला तो धातू निवडू नये.

प्रत्यक्ष काम सुरू करताना पृष्ठभागाची तयारी अर्धी लढाई जिंकते. पॉलिश केलेला पार्ट लेसरखाली ठेवू नका. बारीक सँडब्लास्टिंग किंवा एमरीने एकसारखा खरखरीत करा, ॲसिटोनने पुसा आणि त्याच दिवशी वापरा. खरखरीत, मंद पृष्ठभाग प्रकाश अधिक शोषतो. परत फिरणारा किरण थेट फायबरमध्ये शिरला तर लेसर स्रोतच निकामी होऊ शकतो, म्हणून लेसरचे हेड पाच-दहा अंश कलते ठेवा. ॲल्युमिनियम ६६० अंशांवर वितळते, पण त्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा दोन हजार अंशांच्या वर; तो नीट काढला नाही तर पापुद्र्याचे तुकडे थरात अडकून राहतात. आर्गॉनचा प्रवाह डबक्यावर शांतपणे पसरू द्या. जोराचा झोत डबके विस्कटतो आणि बाहेरची हवा आत ओढतो.

सुरुवातीच्या चाचणीसाठी दीड ते तीन किलोवॅट शक्ती, दोन ते तीन मिलिमीटरचा ठिपका, सेकंदाला १० ते ३० मिलिमीटर वेग आणि शेजारच्या ट्रॅकवर ३० ते ५० टक्के चढ, या मर्यादेत फिरा. शक्ती स्थिर ठेवून फक्त वेग बदलत पाच-सहा ट्रॅक ओढा, आडवा काप घेऊन प्रत्येकाची खोली पाहा, मगच दुसरा घटक बदला. दोन्ही एकदम बदलले तर कशाने काय झाले ते कधीच कळत नाही. आणखी एक: ॲल्युमिनियम उष्णता फार लवकर पसरवते, त्यामुळे लहान पार्ट पहिल्या चार ट्रॅकमध्येच तापतो आणि पाचव्यापासून डबके खोल-रुंद होत जाते. पार्टला थर्मोकपल लावा, ठरलेल्या तापमानावर येईपर्यंत थांबा. हाताने चालवायच्या वेल्डिंग गनवर हे काम करू नका. हाताचा वेग सारखा राहत नाही, आणि या कामात वेग सारखा नसला तर निकालही सारखा येत नाही.

कठीण कण रोवायचे ठरले तर बहुतेक जण सिलिकॉन कार्बाइड घेतात, कारण ते स्वस्त आणि सहज मिळते. त्यात एक धोका आहे. खूप तापलेल्या ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन कार्बाइड विरघळू लागते आणि ॲल्युमिनियम कार्बाइडच्या सुया तयार होतात. त्या ठिसूळ असतात, आणि पाण्याशी त्यांचा संबंध आला की मिथेन वायू सुटून थर आतून पोखरत जातो. पंपाच्या, दूध डेअरीच्या किंवा साखर कारखान्यातल्या दमट जागेच्या पार्टसाठी हे घातक आहे. सिलिकॉन जास्त असलेल्या धातूत ही क्रिया मंदावते, पण लेसरच्या तापमानाला त्यावर विसंबता येत नाही. पावडर डबक्याच्या मागच्या, थोड्या थंड बाजूला सोडा, वेग वाढवा, किंवा थोडा खर्च करून टायटॅनियम डायबोराइड घ्या. पाण्याजवळच्या पार्टसाठी मी निःशंकपणे तोच सुचवेन. निकेल किंवा टायटॅनियम मिसळताना हात आखडता ठेवा. ही मूलद्रव्ये ॲल्युमिनियमशी संयुगे बनवतात, ती कितीतरी पट कठीण असतात पण काचेसारखी तडकतात. सुटलेला तुकडा दोन पृष्ठभागांत अडकला की तोच वाळूचे काम करतो, आणि थर नसता तर झाली नसती एवढी झीज होते.

लेसरनंतरचा पृष्ठभाग लाटालाटांचा असतो, त्याला मशिनिंग लागतेच. म्हणून थर हव्या त्या जाडीपेक्षा तीन-चार दशांश मिलिमीटर जास्त ठेवा. कार्बाइड कण असलेल्या थरावर साधा इन्सर्ट मिनिटांत बोथट होतो. पीसीडी, म्हणजे हिऱ्याचा इन्सर्ट आणि बोअरसाठी डायमंड होनिंग धरूनच खर्चाचा हिशेब करा. अनेक जण लेसरचा दर काढतात आणि हा खर्च विसरतात.

मोजमापाबद्दल खास विद्यार्थ्यांसाठी. फक्त कठीणता मोजून झीज कमी झाली असे लिहू नका. आर्चर्डच्या नियमाप्रमाणे झिजलेले आकारमान भार आणि घासलेल्या अंतराच्या सम प्रमाणात आणि कठीणतेच्या व्यस्त प्रमाणात असते, पण ठिसूळ थर हा हिशेब मोडतो. पिन-ऑन-डिस्क चाचणी एएसटीएम जी-९९ प्रमाणे करा आणि वजनातली घट आकारमानात बदला. समजा पिनचे वजन १२ मिलिग्रॅम घटले; घनता २.७ धरली तर ४.४ घन मिलिमीटर झिजले. भार ३० न्यूटन आणि अंतर १,५०० मीटर असेल तर झिजेचा दर येतो सुमारे ०.०००१ घन मिलिमीटर प्रति न्यूटन-मीटर. हा आकडा दुसऱ्या कोणाच्याही आकड्याशी ताडून पाहता येतो. नुसते मिलिग्रॅम ताडता येत नाहीत, कारण निकेलयुक्त थराची घनता मूळ धातूपेक्षा बरीच जास्त असते आणि वजन पाहून चांगला थरही वाईट वाटू शकतो. पिनसोबत डिस्कचेही वजन करा. आपला थर टिकला पण त्याने समोरची पिस्टन रिंग खाल्ली, तर गिऱ्हाइकाच्या दृष्टीने काम फसलेच. कठीणतेचे वाचन पृष्ठभागापासून आत दर ०.१ मिलिमीटरवर घ्या. थराखालचा मऊ पडलेला पट्टा तिथेच सापडतो. प्रत्येक स्थितीचे किमान तीन नमुने करा आणि एक नमुना लेसर न लावलेला, त्याच कास्टिंगमधला ठेवा.

बारामतीत विद्या प्रतिष्ठानच्या कमलनयन बजाज अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या किंवा इतर कोणत्याही महाविद्यालयातल्या मुलांनी जवळच्या एका कारखान्याचा एकच झिजणारा पार्ट निवडून वर्षभर त्यावर काम केले, तर उद्योगाला थेट वापरता येईल असे काही हाती लागेल. लेसर आपल्याकडे नसला तरी अडत नाही. हैदराबादच्या एआरसीआय संस्थेत लेसरने पृष्ठभागावर काम करण्याचे स्वतंत्र केंद्र आहे आणि इंदूरच्या आरआरकॅटमध्ये लेसरचे मोठे काम चालते. प्रस्ताव नीट लिहून मार्गदर्शकामार्फत पाठवा. जॉबवर्क बाहेर द्यायचे असेल तर नमुना म्हणून बाजारातली सपाट पट्टी पाठवू नका. झिजणारा खरा पार्ट कापून त्याचा तुकडा, धातूचा रासायनिक अहवाल आणि झिजलेल्या भागाचा फोटो पाठवा. परत येताना आडव्या कापाचा फोटो, कठीणतेचा आलेख आणि वापरलेल्या सेटिंगची नोंद लेखी मागा. हे द्यायला जो तयार नसेल त्याला काम देऊ नका.

सुरक्षेत तडजोड नको. हे चौथ्या वर्गाचे लेसर आहेत. ॲल्युमिनियमवरून उसळलेला, डोळ्यांना न दिसणारा किरणही दृष्टी कायमची घेऊ शकतो. गॉगल वेल्डिंगचा नको, त्याच तरंगलांबीसाठी प्रमाणित केलेला हवा आणि तो खोलीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर हवा. ॲल्युमिनियमची बारीक पूड हवेत उडाली तर स्फोट होतो, म्हणून ती हवेच्या प्रेशरने झाडू नका आणि तिच्या आगीवर पाणी मारू नका. कोरड्या वाळूची बादली किंवा धातूच्या आगीचे डी-वर्गाचे अग्निशामक जवळ ठेवा. नमुन्याच्या एचिंगसाठी वापरतात त्या केलर द्रावणात हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. ते त्वचेतून आत शिरते आणि सुरुवातीला दुखतही नाही. कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी असल्याशिवाय ती बाटली उघडू नका.